सात मजल्यांचं शेवाळ

३ ऑगस्ट, शनिवार

आजपासून पुन्हा वही लिहायची. मोजणी खात्यात होतो तेव्हा रोज लिहायचो: कुठल्या वाडीत मोजणी, किती खुंट रोवले, कोणते भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. निवृत्त झाल्यापासून लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय. शेजारचा रेइनो तळ्याकाठी सौना बांधतोय.

सकाळी ट्रॅक्टरवरून जुने ओंडके आले, कुठल्यातरी मोडलेल्या घराचे. प्रत्येकावर खडूने आकडा. पायाचे दगड त्याने मांडलेत ते नेमके आमच्या सौनाच्या पश्चिमेला. म्हणजे संध्याकाळचं ऊन त्याला आणि त्याच्या भिंतीची सावली माझ्या ओसरीला. बत्तीस वर्षं मी वाफ घेऊन त्या ओसरीवर अंग वाळवत बसतोय, समोर सूर्य पाण्यात बुडेपर्यंत. आता समोर रेइनोचं धुराडं दिसणार.

केर्त्तूला विचारलं, "याला सत्तरीत स्वतःची सौना कशाला हवी?"

ती वेलदोड्याचे पाव भट्टीतून काढत होती. म्हणाली, "अंघोळीला."

"इतकी वर्षं नाही लागली ती?"

"इतकी वर्षं नाही लागली," असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलेलं नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

नोंद पुरी असावी म्हणून जूनमधली गोष्टही लिहून ठेवतो.

मध्यग्रीष्माच्या सणाला केर्त्तूचा भाऊ ओउलूहून आला होता. आम्ही तिघं पुरुष सौनात बसलो होतो. मी वरच्या बाकावर, ते दोघे खाली. मेहुणा माझ्या हिरवळीची तारीफ करत होता, आणि का करू नये? गावात अशी हिरवळ दुसरी नाही. रेइनो आठवड्याला फार तर अकरा शब्द बोलतो. त्या दिवशी त्याने त्यातले पाच माझ्यावर खर्च केले: "हिरवळ कसली, निम्मं शेवाळ आहे." मेहुणा हसला. माझ्या सौनात, माझ्या बाकावर, माझ्या लाकडांच्या उबेत बसून हसला.

मी भांडखोर माणूस नाही. फक्त पुढच्या आठवड्यापासून सौना शनिवारऐवजी शुक्रवारी तापवायला लागलो. शनिवारीच तापवावी असा काही कायदा नाही.

त्या शनिवारी पाच वाजता रेइनो नेहमीसारखा काठावरच्या वाटेने आला. काखेत टॉवेल, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सॉसेज. धुराड्याकडे बघितलं. धूर नाही. दाराला हात लावून बघितला. मग परत गेला. मी हे स्वयंपाकघराच्या पडद्याआडून पाहिलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही तो आला. तिसऱ्या शनिवारी आला नाही.

त्याला वाईट वाटलं असतं तर त्याने विचारलं असतं. विचारलं नाही, म्हणजे वाटलं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नगरपालिकेत जाऊन आलो. बांधकामाच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, रेइनोचे कागद चोख आहेत. मी म्हटलं, सावलीचं काय? तिने सावलीचा अर्ज नसतो असं सांगितलं. मग नकाशा काढून म्हणाली, "अय्या, या दोन जागांची मोजणी तुम्हीच केलीय, अठ्ठ्याऐंशी साली. खाली तुमचीच सही आहे." सही अजून ठसठशीत आहे. तेवढंच समाधान.

संध्याकाळी सौना तापवली. केर्त्तूचं डोकं दुखत होतं. शुक्रवारी तिचं हमखास दुखतं. एकटाच बसलो. एकट्याला जास्त वाफ मिळते.

१७ ऑगस्ट, शनिवार

शेवाळ मरावं म्हणून हिरवळीवर यंदाचा दुसरा चुना टाकला.

कॉफी घेताना वर्तमानपत्र चाळत होतो. दक्षिणेकडे कुठेतरी घरांची एक अख्खी रांग अडून राहिली आहे म्हणे, एका शेवाळापायी. संरक्षित जातीचं शेवाळ, तांदळाच्या दाण्याएवढं. बातमी दोनदा वाचली. आयुष्यभर मी या वनस्पतीचा दुस्वास केला. माणसाने मन मोठं ठेवायला हवं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

लोकशाळेच्या शरदवर्गांचं पत्रक आलं. खुर्च्या विणणं, उतारवयातलं स्पॅनिश, आणि 'आपल्या रानातली आणि बागेतली शेवाळं: ओळख. सहा बुधवार.' नाव घातलं.

केर्त्तूला सांगितलं, शत्रूची माहिती असलेली बरी.

"कुठल्या शत्रूची?" तिने विचारलं.

"हिरवळीतल्या."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' मला कधी बरं वाटत नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

वर्गात आठ बायका आणि मी. शिकवायला मारेत नावाची तिशीतली मुलगी आहे, पायात रबरी बूट, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग. प्रत्येकाच्या हातात एक चिमूट शेवाळ आणि पाण्याचा फवारा दिला. पहिला अर्धा तास आम्ही नऊ प्रौढ माणसं सुकलेल्या शेवाळावर पाणी मारून ते उमलताना बघत होतो. मी सरकारी दुर्बिणीतून चाळीस वर्षं बघितलंय, त्यामुळे भिंग हातभर लांब धरलं. शेजारी बसलेली लेंपी, औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेली, मला म्हणाली, "डोळ्याला चिकटवायचं आणि शेवाळ जवळ आणायचं. तुम्ही काय टपालाचं तिकीट बघताय?" या बाईला सगळं येतं.

माझ्या हिरवळीतल्या शेवाळाला कुरणशेवाळ म्हणतात. त्याची पानं मागे वळलेली असतात आणि वरून बघितलं की चांदणीसारखं दिसतं. मारेत म्हणाली, चुन्याने त्याला काहीही होत नाही. तरुण आहे, शिकेल.

मग मजलेशेवाळ आलं. हे दर वर्षी मागच्या वर्षीच्या पाठीतून एक नवा मजला काढतं, जिन्यासारखं. मजले मोजले की किती वर्षांचं ते कळतं. लेंपीने तिच्या काडीवर नऊ मोजले आणि सगळ्यांना दाखवत फिरली. मी म्हटलं, "शेवाळाचं वय कळून करायचं काय? त्याला पेन्शन लावायची आहे?" कोणी हसलं नाही.

वर्ग सुटल्यावर मारेतला बाजूला घेऊन संरक्षित जातींचं विचारलं. तिचा चेहरा उजळला. आपल्याकडे मिळण्यासारखं एकच आहे म्हणाली, खूरशेवाळ. सावलीत कुजणाऱ्या स्प्रूसच्या झाडाच्या ओंडक्यावर येतं. पानं दिसतच नाहीत, नुसता अर्ध्या बोटाचा देठ आणि टोकाला तिरका टपोरा दाणा, घोड्याच्या खुरासारखा.

"सापडलं तर काय करायचं?"

"ओंडक्याला हात लावायचा नाही. आजूबाजूची सावली तशीच ठेवायची. आणि मला कळवायचं."

"बास?"

"बास."

वहीत लिहून घेतलं: ओंडक्याला हात लावता येत नाही, सबब बांधकाम बंद.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कायदा मला पाठ आहे. कोणाच्याही रानात हिंडावं, कोणाच्याही बेरी खाव्यात, पण शेवाळ उचलायचं तर मालकाला विचारायला लागतं. मी उचलत नव्हतो. मी फक्त बघत होतो.

आमच्या दोघांच्या हद्दीजवळ, रेइनोच्या बाजूला, एक जुना स्प्रूस आडवा पडून कुजतोय. त्याच्यापाशी गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून मी इंच इंच सरकत होतो, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"काही पडलं?"

रेइनो. जूननंतर पहिल्यांदाच बोलला. मी तशा अवस्थेत होतो की चेहरा सोडून बाकी सगळं त्याच्याकडे होतं. सुचलं ते बोललो. "दात."

मग त्याने हातातली मोगरी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी गुडघे टेकले. त्याचा डावा गुडघा त्याची बायको सिल्वी होती तेव्हापासून दुखतो, हे मला माहीत आहे. आम्ही दोघं अर्धा तास त्या ओंडक्याभोवती रांगत माझा दात शोधत होतो. तो प्रत्येक पान उलटून बघत होता. मी वाटेत दोन जातींचं शेवाळ ओळखलं, पण खूरशेवाळ नव्हतं.

शेवटी उठताना तो म्हणाला, "पुढचा की मागचा?"

"मागचा."

"मग चालेल," असं म्हणून तो गेला. जाताना त्याच्या शिडीकडे नजर गेली. भिंती निम्म्या उभ्या आहेत. ओंडक्यांच्या फटींत शेवाळ ठोकतोय, जुन्या लोकांसारखं. दुकानातला काथ्या मिळत असताना. कुठून आणतो एवढं शेवाळ कोण जाणे.

२१ सप्टेंबर, शनिवार

दोन चांगल्या बातम्या.

एक, चुना लागू पडला. कोठाराच्या मागची हिरवळ आता स्वच्छ आहे. तिथलं शेवाळ पट्ट्यापट्ट्यांनी गेलंय, कोणी दाताळ्याने ओढून काढावं तसं. मारेतला बुधवारी सांगितलं. ती म्हणाली, शक्य नाही. मी वाद घातला नाही. हरलेल्या माणसाला टोचण्यात मला आनंद नाही.

दोन, केर्त्तूची तब्येत सुधारली. शुक्रवारी डोकं दुखतं, पण शनिवारी टुणटुणीत असते. दर शनिवारी दुपारी बादली घेऊन लिंगनबेरी खुडायला जाते आणि अंधार पडायच्या आत परत येते. यंदा बेरीचं पीक वाईट दिसतंय, बादली रिकामीच असते. आज तिची नखं हिरवीगार होती. बेरीने नखं हिरवी होतात हे मला माहीत नव्हतं. दोन तबकं पाव केले होते, त्यातलं एकच घरात आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार

आज मारेतने पिशवीतून वीस चिमटी काढल्या. मी अकरा ओळखल्या, लेंपीने नऊ. तिने भिंग पुसून पुन्हा बघितलं, तरी नऊच.

एक गोष्ट इथे लिहितो, बाहेर कोणाला सांगणार नाही. काल पाऊस थांबल्यावर रेइनोच्या ओंडक्यावर शोधायला म्हणून गेलो आणि वाटेतल्या खडकापाशीच थांबलो. त्यावर पिसासारखं एक शेवाळ होतं, प्रत्येक पिसाच्या टोकाला पाण्याचा थेंब. भिंग लावलं. उठलो तेव्हा दोन तास होऊन गेले होते आणि ओंडक्यापर्यंत पोचलोच नव्हतो. या माणसाने एकोणसत्तर वर्षं या रानात काय बघितलं असा प्रश्न पडला. या माणसाने म्हणजे मी.

असो. ध्येय विसरता कामा नये. रेइनोने छप्पर चढवलंय.

५ ऑक्टोबर, शनिवार

सापडलं.

त्याच ओंडक्यावर, खालच्या अंगाला, जिथे साल सुटून लाकूड लाल आणि भुसभुशीत झालंय. तीन देठ. प्रत्येकाच्या टोकाला हिरवट दाणा, एका बाजूला चपटा, अगदी खुरासारखा. पोटावर पडून बघत होतो. माझा श्वास लागून त्यातला एक हलला. मी श्वास धरून ठेवला. सरकारी मोजण्या केल्या, लग्न केलं, पण असा श्वास धरल्याचं आठवत नाही.

तिकडून रेइनोच्या मोगरीचा आवाज येत होता. ठोक, ठोक, मग थांबून शेवाळ दाबायचा, मग पुन्हा ठोक. ओंडका त्याच्या सौनाच्या पायापासून पंधरा मीटर. मनात म्हटलं, ठोक बाबा, ठोकून घे.

७ ऑक्टोबर, सोमवार

मारेतला फोन केला. ती फोनवरच एवढी ओरडली की केर्त्तू दुसऱ्या खोलीतून आली. एक अर्ज भरून द्यायचा आहे: जागा, ओंडक्याचा मालक, आणि हद्दी दाखवणारा कच्चा नकाशा. "तुमच्यासाठी तर हे डाव्या हाताचं काम, आउलिस," ती म्हणाली.

नकाशात मी कच्चं काही करत नाही. उद्या सूत लावून हद्द आखतो.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज घडलं ते क्रमाने लिहितो.

आमच्या दोन जागांची हद्द रस्त्याकडच्या लोखंडी खुंटापासून काठावरच्या दगडापर्यंत जाते. दगडावर फुली आहे, ती मी स्वतः छिन्नीने कोरली, अठ्ठ्याऐंशी साली. त्यानंतर तो दगड बघायची वेळ आली नाही, कारण काठावरचं वाकडं बर्चचं झाड हीच हद्द, हे मला पाठ होतं. ब्याण्णव साली सौना बांधली ती त्या बर्चवरून अंदाज घेऊन. मोजलं नाही. मोजणीदार स्वतःच्या जागेची मोजणी कशाला करेल? गावातल्या सगळ्या भावाभावांना मी त्यांचे खुंट दाखवले, मला माझे माहीत नसणार?

बर्चपाशी दगड नव्हता.

जुनी टिपणवही काढली, अंतरं घेतली. दगड बर्चच्या अलीकडे निघाला, माझ्या घराच्या बाजूला, पावणेचार मीटर. जाड शेवाळाखाली होता. शेवाळ एका तुकड्यात सोललं, खाली माझी फुली. त्या फुलीपासून खुंटापर्यंत सूत ताणलं. सूत सरळ माझ्या सौनाच्या भिंतीवर आलं. आत जाऊन खिडकीतून खिडकीपर्यंत पुन्हा ताणलं. तीनदा मोजलं.

भट्टी रेइनोच्या जागेत आहे. दोन्ही बाक रेइनोच्या जागेत आहेत. पाण्याचं पिंप, ओसरी आणि ओसरीवरून दिसणारा सूर्यास्त रेइनोचा. माझ्या जागेत येतात ती सरपणाची चळत आणि विजार टांगायचा खिळा.

आता अर्ज कसा द्यायचा? रेइनोची सौना थांबवायची तर नकाशा जोडायला हवा. नकाशा जोडला तर माझी सौना त्याची. खोटी हद्द काढून द्यावी, तर खाली सही माझी, आणि नगरपालिकेतल्या नकाशावरही सही माझीच.

रात्री जेवलो नाही. केर्त्तूने विचारलं, दात दुखतोय का? तिला दाताचं कोणी सांगितलं कळत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

शेवटचा वर्ग. दगडावरून सोललेला तुकडा पिशवीत घालून नेला. मजलेशेवाळाचा इतका सुरेख नमुना टाकवेना.

आधी मारेतला सहज म्हणून विचारलं, खूरशेवाळाच्या जवळ एखादं बांधकाम चालू असेल तर? म्हणजे उदाहरणार्थ सौना, पंधरा मीटरवर?

"असू दे की," ती म्हणाली. "शेवाळाचं सौनाशी काय वाकडं आहे? ओंडका हलवायचा नाही, सावलीची झाडं तोडायची नाहीत. पहिल्याच बुधवारी सांगितलं होतं की तुम्हाला. तुम्ही लिहूनही घेतलंत."

मी वही उघडून बघितली. लिहून घेतलं होतं. 'सबब'पासून पुढचं तेवढं माझं होतं.

तोवर लेंपीने माझा तुकडा उचलून भिंग लावलं होतं. "सात," ती म्हणाली. "आउलिस, हे कुठलं? सातच मजले आहेत, आणि खाली जुनं काहीच नाही."

मी म्हटलं, छत्तीस वर्षं जुन्या दगडावरचं आहे, नीट मोजा. मारेतने घेतलं, दहा काड्या मोजल्या. सात. कुठे सहा. म्हणाली, आसपासच्या खडकांवर खाली कुजलेला तपकिरी थर असेल, याच्याखाली तो नाही. "हा दगड सात वर्षांपूर्वी कोणीतरी साफ केलाय. नंतर हे नव्याने आलं."

"कोण कशाला साफ करेल?" लेंपी म्हणाली. "दगडात काय बघायचंय?"

मला घरी जाताना गाडी बाजूला घ्यावी लागली.

सात वर्षांपूर्वी सिल्वी गेली. वारसाच्या कागदांसाठी रेइनोला जागेची मोजणी करून घ्यावी लागली असणार. मी तेव्हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे ओउलूला होतो, म्हणून दुसरा कोणी मोजणीदार आला. त्याने शेवाळ सोललं, फुली बघितली, सूत लावलं. आणि रेइनो शेजारी उभा राहून सूत कुठे जातंय ते बघत होता.

त्यानंतर सात वर्षं तो दर शनिवारी काखेत टॉवेल घेऊन आला. सॉसेज त्याचं. मी वरच्या बाकावर बसायचो, कारण मी घरचा. तो खाली. मी त्याला म्हणायचो, "दार नीट लाव, ऊब जाते." तो उठून लावायचा. जाताना दर वेळी म्हणायचा, "वाफेबद्दल आभार." मी म्हणायचो, "कधीही ये."

मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सौना तापवली नाही.

"आज शुक्रवार," केर्त्तू म्हणाली.

"माहीत आहे."

"डोकं दुखतंय का तुझं?"

"नाही. उद्या तापवू म्हणतो. शनिवारी."

ती विणकाम खाली ठेवून म्हणाली, "उद्या रेइनोची पहिली वाफ आहे. मला बोलावलंय."

"आणि मला?"

"मी विचारलं त्याला. म्हणाला, आउलिसला बोलवायला कधीपासून लागायला लागलं?"

मी बाहेर जाऊन सरपण नीट रचलं. ते नीटच होतं. पण ते माझं आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पाच वाजता काठावरच्या वाटेने निघालो. काखेत टॉवेल, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सॉसेज. त्या वाटेवर मधे एक चढ आहे, तिथून धुराडं दिसतं. धूर नसता तर काय केलं असतं, हा विचार मला चढावर आला. रेइनोला तो दोन शनिवार आला असणार. धूर होता.

केर्त्तू आधीच आटपून ओसरीवर कॉफी पीत बसली होती, गाल लाल. समोर सूर्य पाण्याला टेकला होता. जागा चांगली निवडली आहे, हे मान्य करायला हवं.

आत रेइनो खालच्या बाकावर बसला होता. वरचा मोकळा ठेवलेला. मी खालीच, त्याच्या शेजारी बसलो. 

मग मी म्हणालो, "माझी सौना तुझ्या जागेत आहे."

त्याने तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ आली. ती अंगावरून उतरल्यावर म्हणाला, "माहीत आहे."

"सात वर्षं."

"कोणी सांगितलं?"

"शेवाळानं."

त्याने हे डोक्यात घोळवलं. "ते तरी गप्प बसेल वाटलं होतं."

"तू का नाही सांगितलंस?"

यासाठी त्याला आणखी दोन पळ्या पाणी लागलं. मग तो मी त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब बोलला. "सांगितलं असतं तर तू ती हलवली असतीस. ओंडक्यांना आकडे घालून, एकेक सुटा करून. तुझा स्वभाव मला माहीत आहे. दोन उन्हाळे गेले असते. तेवढे शनिवार मी कुठे जाणार होतो? घरी सिल्वी नाही."

सौना जागच्या जागी ठेवून मी त्याचे पंधरा शनिवार घालवले, तेही पाच शब्दांपायी. डोळ्यांत पाणी आलं. सौनात ते कोणाला कळत नाही, तेवढी सोय आहे.

"तो आडवा स्प्रूस उचलू नकोस," मी शेवटी म्हणालो. "त्यावर एक दुर्मीळ शेवाळ आहे. मारेत येऊन बघणार आहे. नकाशा मी काढून देतो, खऱ्या हद्दीचा."

"कुठला स्प्रूस? तुझा दात पडला तो?"

"तोच."

"सापडला का?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलताना माणसाने सातत्य ठेवावं.

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने, अगदी सहज, भट्टीकडे बघत म्हणाला, "तुझी हिरवळ आता बरी दिसते."

"चुना," मी म्हणालो.

त्याने दगडांवर पळीभर पाणी टाकलं. बाहेर ओसरीवर केर्त्तूला ठसका लागला.

मी पाठ टेकली. डोळ्यांसमोर भिंतीची फट होती, दोन ओंडक्यांमध्ये गच्च ठोकलेलं हिरवं शेवाळ. वाफेने ते उमललं होतं. पानं मागे वळलेली, वरून बघितलं की चांदणी. फटीमागून फट बघत गेलो, चारी भिंती. रानातलं मजलेशेवाळ खालच्या दोन ओळींत होतं, पुढे सगळं कुरणशेवाळ. या बाजूला एवढं कुरणशेवाळ एकाच ठिकाणी मिळतं. आमच्या कोठारामागे. भिंग लागलं नाही.

रिकाम्या बादल्या आठवल्या, हिरवी नखं आठवली. तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग पाणी प्यायला म्हणून ओसरीवर जाऊन आलो. केर्त्तूने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही. आत येऊन बसलो.

"आउलिस," रेइनो म्हणाला, "दार नीट लाव. ऊब जाते."

मी उठून लावलं.